मागचा दिवा

तेलगावच्या टपरीवर चहा संपायच्या आत
चत्रभुज बोलून घेतो, दरवेळी तेच,
लाइनमनचा आवाज, खांबावरून खाली बोलल्यासारखा:
"घाटात कुणी कुणाला गाठायचं न्हाई.
एकाआड एक चालायचं.
पुढच्याचा लाल दिवा बघून वळू नका,
त्यो चुकला तर तुम्हीबी त्याच्यामागं."
बंकट हसतो. नवी गाडी,
टाकीवर अजून हळदीकुंकवाची बोटं.
त्याला दोन नंबरला घातलंय,
म्हणजे आज सगळ्यांचा वेग बंकटएवढा.
मग कालिंदा सिस्टर, जर्किनच्या आत नाइट ड्युटीचा स्वेटर,
मग अश्रुबा, मग मुजतबा टायरवाला,
आणि शेवटी मी,
पिशवीत पाने, प्लग, दोन ट्यूबा.

निघायच्या आधी एक प्रश्न.
"मागचा दिसला न्हाई तर?"
"थांबायचं,"
आम्ही म्हणतो, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं, पेंगत.

मागं असतो म्हणून मला माणसं पाठीवरून कळतात.
सिस्टर गेर वळणाआधी पाडते,
वळणात ब्रेकला हात नाही;
झोपलेल्या पेशंटची कूस बदलावी
तशी गाडी कलवते.
अश्रुबा हॉर्न दोनदा देतो,
एकदा वरून येणाऱ्याला, एकदा उगाच.
मुजतबा डावा पाय खाली सोडतो: खडी.
पुन्हा सोडतो: ट्रॉलीतून सांडलेला ऊस,
चाकांखाली चिरडून रस्ता चिकट झालेला.
बंकट दरीकडं बघतो, आणि गाडीही
थोडी दरीकडं बघते.
"नजर वर!" सिस्टर मागून ओरडते.
वारा ते वाक्य माझ्यापर्यंत आणतो,
त्याच्यापर्यंत नेतो की नाही, कोण जाणे.

सहाव्या वळणाखाली माझी चेन तुटली.

गिऱ्हाइकाला मी बजावतो, वीस हजारला बदल.
माझीचे सव्वीस झाले होते.
वैद्याच्या घरचा खोकला.
गाडी ढकलून डोंगराच्या कडेला घेतली,
सीताफळीची फांदी मोडून
वीस पावलं मागं, रस्त्यावर आडवी टाकली.
मोबाइलला रेंज नाही.
वर पाच इंजिनं,
मला सोडून चाललेली.

मार्गेसरची थंडी. हातमोज्यात ग्रीसचा वास.
ओरडून उपयोग नव्हता, म्हणून नुसता ऐकत राहिलो.

आधी मुजतबाचं इंजिन थांबलं.
तो सायलेन्सर मीच बसवलाय, ओळखला.
मग अश्रुबाचं.
मग सिस्टरचं, हळूच, वॉर्डाचं दार ओढून घ्यावं तसं.
मग बराच वेळ दोन आवाज,
वर, आणखी वर,
आणि मी अंधारात म्हणत होतो,
बघ की रे लेकरा, आरशात बघ.
एक ट्रॅक्टर गाणी वाजवत उतरला,
फांदीपाशी दबला, वळसा घालून गेला.
त्या गोंधळात कधीतरी
बंकट थांबला असणार,
आणि चत्रभुजही;
कारण गाणी खाली विरली तेव्हा
अख्खा घाट गप्प होता.

एवढी शांतता माझ्यासाठी कुणी केली नव्हती.

मुजतबा पायीच आला, बॅटरी रस्त्याकडं धरून.
वळणात गाडी फिरवायची नाही, हे त्याला कोण सांगणार.
"कामून रे?"
"चेन."
"अन् दुनियेला शिकवतो."
खिशातून त्यानं जोडकडी काढली.
टायरवाल्याच्या खिशात ती का होती,
मी विचारलं नाही, तोही बोलला नाही.

वर धारूरच्या किल्ल्याच्या काळोखात
गाड्या स्टँडवर.
बंकट मोजतो, मोठ्यानं,
बोटानं एकेकाला टोचत. पाच.
पुन्हा मोजतो. पाच.
त्याचा चेहरा पडतो, तो घाटाकडं वळतो,
हेल्मेट घालायलाही लागतो.

सिस्टर त्याचा हात धरते:
"आन् तू, बाबा?"